कात्रजहून मेणवली, सावकाश

पुण्यात कात्रजच्या स्टॉपवरून साताऱ्याकडे जाणारे बहुतेक जण महाबळेश्वर गाठायच्या घाईत असतात. कधीतरी वाईला उतरा आणि ३ किलोमीटरवरच्या मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यात अर्धा दिवस काढा.

तिथली भित्तिचित्रं पाच मिनिटांत 'बघून' होतात, पण दिसत नाहीत. पहिल्या भेटीत मला फक्त उडालेले रंग दिसले. दुसऱ्यांदा एकाच भिंतीसमोर तासभर बसलो. डोळे अंधाराला सरावले, मग गेरूसारखा लाल उठून आला, त्याभोवतीची बारीक काळी रेघ दिसली. मराठा चित्रशैलीत देवादिकांच्या गोष्टींतही नऊवारी आणि पगडी येते, ती अशी निवांत शोधावी लागते. मोबाईलचा फ्लॅश मात्र मारू नका.

वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. १७३९च्या वसई विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा तिथे आहे.

परतताना कात्रजच्या तलावाशीही थांबा. नानासाहेब पेशव्यांनी इथूनच शहरात पाणी नेलं. मेणवलीला जाल तेव्हा एकच भिंत निवडा, आणि काय दिसलं ते इथे नक्की लिहा.