कुठले कुलकर्णी?

लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका आडनाव विचारतात. ‘कुलकर्णी’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठले कुलकर्णी?’ आडनावावरून जात, कूळ, मूळ सगळं कळतं, असं मानणारा आपला समाज हा प्रश्न विचारतो, तेव्हा नुसत्या आडनावावरून काही कळत नाही याची कबुलीच देत असतो.

कुलकर्णी हे मुळात काम. गावचा जमाखर्च आणि जमिनीचं दप्तर जो लिही तो कुलकर्णी. म्हणून देशस्थांत कुलकर्णी आहेत, सारस्वतांत आहेत, लिंगायतांतही आहेत. पाटील तर मराठा, जैन, लिंगायत, आगरी, कोळी अशा कितीतरी घरांत सापडतात. 1950च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं, आडनाव मात्र घरोघर राहिलं. आडनाव ऐकून माणसाची जात ठरवणं आणि तेवढ्यावर त्याला भाड्याने खोली नाकारणं हा अन्याय तर आहेच, शिवाय ते अज्ञानही आहे.

आडनाव पिढ्यान्‌पिढ्या एकच असतं, हाही समज पक्का. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन, आणि मूळ आडनाव भानू. फडणविशी घरात आली आणि भानू मागे पडलं. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतलं. आज ते इतकं जुनं वाटतं, पण ते त्यांच्या हयातीत रुजलेलं आहे.

आडनावाचा अर्थ कानाने लावायला गेलं तर फसगत होते. पारसनीसचा परिसाशी संबंध नाही, पारशांशीही नाही. फारसीत ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस, चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस. पोतनीस, सबनीस, वाकनीस ही सगळी त्याच टाकातून उतरलेली. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावं दिली. वाकनीसाचा मंत्री झाला, सुरनीसाचा सचिव. दरबारातल्या पदांची नावं बदलली, तरी आडनावांत फारसी टिकली. ज्या घरांना आपण अस्सल मराठी म्हणतो त्यांच्या दारावरच्या पाटीवर फारसी शब्द आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही.

हॉलंडमध्ये असंच कानाला फसवणारं एक आडनाव आहे, नाक्तखेबोरेन. ऐकायला त्याचा अर्थ ‘नागडा जन्मलेला’. 1811मध्ये नेपोलियनच्या हुकमाने प्रत्येकाला आडनाव नोंदवावं लागलं, तेव्हा डच लोकांनी चेष्टेने असली नावं लिहून दिली, ही गोष्ट तिथे आवडीने सांगतात. पण हे आडनाव त्या हुकमाच्या आधीपासूनचं आहे. त्याचा मूळ अर्थ बाप वारल्यानंतर जन्मलेला, आणि उच्चार घासत घासत त्याचं हे झालं. ज्याला लोक हसतात त्या नावात एक पोरकं मूल आहे.

गोव्यातल्या डिसोझा-फर्नांडिसांना पोर्तुगीज रक्ताचं समजणारेही पुष्कळ. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे, त्यामुळे एकाच भाऊकीत वेगवेगळी आडनावं झाली. रक्त इथलंच. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, लोबो म्हणजे लांडगा, परेरा म्हणजे नासपतीचं झाड. खुद्द पोर्तुगालात झाडाचं आडनाव दिसलं की हे मूळचे ज्यू, असं म्हणायची पद्धत आहे. तेही खरं नाही. अशी आडनावं जुन्या ख्रिस्ती घरांतही सर्रास होती.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र आपल्या ‘कर’चा. पेणकर, रोहेकर, किहीमकर म्हटलं की आपण मनात हिंदू घर उभं करतो. ही आडनावं रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल ज्यूंचीही आहेत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं, आणि आडनाव दिलं ते गावाचंच. कोकणी मुसलमानांतही ‘कर’ तितकेच मुरलेले आहेत. 1972मध्ये दिल्ली कसोटीत इंग्लंडविरुद्ध सुनील गावसकरांबरोबर सलामीला उतरले रामनाथ पारकर. दहा वर्षांनी, 1982मध्ये, लॉर्ड्‌सवर पुन्हा इंग्लंडच समोर होतं आणि गावसकरांबरोबर उतरले गुलाम पारकर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कालुस्ते गावचे. दोन्ही वेळा धावफलकावर जोडी तीच लिहिली गेली: गावसकर, पारकर.