'द पिट'च्या पहिल्या हंगामाच्या शेवटच्या भागावरचे वाद: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिट्सबर्गमधलं एक काल्पनिक रुग्णालय, त्याचा इमर्जन्सी विभाग, सकाळी सातला सुरू झालेली पाळी आणि प्रत्येक भागात त्या पाळीतला एक तास. 'द पिट' या अमेरिकी मालिकेचा पहिला हंगाम अशा पंधरा तासांचा आहे. तो ९ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला, १० एप्रिलला संपला आणि त्याच सप्टेंबरात त्याला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. शेवटच्या भागावर प्रेक्षकांचे वाद मात्र थांबलेले नाहीत. त्या विभागातला डॉ. रॉबी एका अत्यवस्थ मुलाच्या वडिलांशी वागला ते योग्य होतं का? डॉ. सँटोसने सहकारी डॉ. लँगडनची चहाडी केली का? लँगडनला पुन्हा संधी मिळावी का?

चांगल्या मालिकेवर वाद व्हायलाच हवेत. अडचण एवढीच, की यातली बरीच मतं चुकीच्या वैद्यकीय समजुतींवर उभी आहेत आणि हंगाम संपला तरी त्या समजुती घरात राहतात. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. त्या काळच्या दूरचित्रवाणी मालिकांत, हृदय बंद पडल्यावर छाती दाबून उपचार केलेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षात हे प्रमाण कितीतरी कमी असतं. लोक पडद्यावरून वैद्यक शिकतात, म्हणून पडद्यावरच्या वादातही वस्तुस्थिती हवी. पुढच्या मजकुरात कथानक उघड होतं, हे आधीच सांगतो.

गैरसमज १: गोवर हा लहानपणचा साधा आजार, मालिकेने तो उगाच भयंकर केला

शेवटच्या भागात लस न दिलेला एक मुलगा गोवराने अत्यवस्थ आहे. अनेकांना हे अतिरंजित वाटलं. गोवर अंगावर येतो, पूर्ण बाहेर पडू द्यावा, आठवड्यात मूल बरं होतं, असं आपल्याकडेही म्हटलं जातं.

वस्तुस्थिती: बहुतेक मुलं बरी होतात हे खरं. पण गोवर झालेल्या साधारण २० मुलांपैकी एकाला न्यूमोनिया होतो, हजारात एकाच्या मेंदूला सूज येते आणि चांगल्या आरोग्यसेवेतही हजारात एक ते तीन मुलं दगावतात. कुपोषण असेल तिथे मृत्यू याहून जास्त. आजार बरा झाल्यावरही त्याचा घाला संपत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की गोवरामुळे आधीच्या आजारांविरुद्ध शरीरात साठलेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नष्ट होतात. म्हणजे मूल जुन्याच जंतूंपुढे पुन्हा उघडं पडतं. संसर्गाचा वेगही विलक्षण: रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू हवेत टिकू शकतो, आणि संपर्कात आलेल्या दहा असुरक्षित माणसांपैकी नऊ जणांना लागण होऊ शकते.

अमेरिकेने २००० साली गोवराचं उच्चाटन जाहीर केलं होतं. त्याचा अर्थ देशांतर्गत अखंड प्रसार थांबला एवढाच. विषाणू जगातून गेला नव्हता. हा भाग दाखवला गेला तेव्हा टेक्ससमध्ये खरी साथ चालू होती आणि तिथे लस न घेतलेली दोन मुलं दगावली होती. आपल्याला तर इतकं लांब जायची गरजच नाही. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराने मुलांचे जीव घेतले.

लसीच्या दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं. भारतात पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत सरकारी केंद्रांवर मोफत दिली जाते. लसीमुळे स्वमग्नता येते असं सुचवणारा १९९८ सालचा लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला आहे.

गैरसमज २: पाठीतून पाणी काढलं की माणूस अधू होतो

त्या मुलाच्या पाठीतून पाणी काढून तपासायचं आहे आणि आई नकारावर ठाम आहे. तिची भीती मराठी घरांना नवी नाही. मुलाला ताप येऊन झटके आले आणि डॉक्टरांनी ही तपासणी सुचवली, की कुणीतरी नातेवाईक बाजूला घेऊन सांगतो, 'पाठीत सुई घालू देऊ नका, पाय जातील.'

वस्तुस्थिती: मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तान्ह्या बाळात थोडा खाली. सुई त्याच्या बरीच खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून जाते. तिथे रज्जू नसतो, पाण्यात सैल लोंबणाऱ्या नसा असतात. नेहमी आढळणारा त्रास म्हणजे नंतरची डोकेदुखी आणि पाठीचा ठणका. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा डोक्यात दाब वाढलेला असेल तर धोका असतो, म्हणून डॉक्टर त्याची आधी खात्री करतात.

मग तपासणी एवढी गरजेची का? गोवरानंतर मेंदूला येणारी एक सूज स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे येते आणि तिच्यावर स्टेरॉइडचे मोठे डोस देतात. जंतुसंसर्ग असेल तर उपचाराची दिशा वेगळी. कोणती गोष्ट आहे हे त्या चमचाभर पाण्यातून कळतं. आपल्याकडे या तपासणीनंतर अधूपणा आल्याचं सांगितलं जातं, तेव्हा त्याचं कारण सहसा मेंदूज्वर असतो. नकारात गेलेला वेळ तो आजार आणखी वाढवतो.

गैरसमज ३: रॉबीने घाबरवलं ते योग्यच, पालक त्याशिवाय ऐकत नाहीत

मालिकेत त्याच दिवशी झालेल्या गोळीबारात मेलेल्यांचे देह ठेवलेल्या खोलीत रॉबी मुलाच्या वडिलांना नेतो. वडील तपासणीला कबूल होतात. बरेच प्रेक्षक म्हणाले, 'बरं झालं.'

वस्तुस्थिती: अमेरिकी कायद्यात रुग्णाच्या माहितीची गोपनीयता मृत्यूनंतरही ५० वर्षं टिकते. परक्या माणसाला देह दाखवणं हा त्या मृतांवर आणि त्यांच्या कुटुंबांवर अन्याय आहे. त्याची गरजही नव्हती. तिथे सामान्यतः एका पालकाची संमती पुरते. मुलाचा जीव तातडीच्या धोक्यात असेल तर संमतीवाचून उपचार करता येतात आणि वेळ असेल तर न्यायालयाकडे जाता येतं.

भीतीचा उपाय चालतो का, हेही तपासलं गेलं आहे. २०१४ साली 'पीडिअॅट्रिक्स' या नियतकालिकात १,७५९ अमेरिकी पालकांवरचा अभ्यास आला. आजारी मुलांची छायाचित्रं पाहिलेल्या पालकांचा लस आणि स्वमग्नता यांच्या संबंधावरचा विश्वास उलट वाढला होता. भेदरलेला माणूस नवा धोका शोधत राहतो. त्याला विश्वासातल्या डॉक्टरने शांतपणे दिलेला वेळ हवा असतो आणि पंधराव्या तासाला रॉबीकडे नेमका तोच उरलेला नाही. मालिका त्याचं कोसळणं दाखवते. ते पाहून आपण त्याला आदर्श ठरवू नये.

गैरसमज ४: थोडे आणखी प्रयत्न केले असते तर लेआ वाचली असती

त्या गोळीबारात जखमी झालेल्या लेआला रॉबी वाचवू शकला नाही.

वस्तुस्थिती: एकाच वेळी शेकडो जखमी येतात तेव्हा नियम बदलतात. एरवी सर्वांत गंभीर रुग्णावर सर्व साधनं लावतात. अशा वेळी, उपलब्ध रक्त, हात आणि मिनिटं यांतून जास्तीत जास्त जीव वाचवायचे असतात. म्हणून रंगीत पट्ट्या बांधून वर्गवारी होते. २०१७ साली लास व्हेगासमधल्या गोळीबारानंतर एकट्या सनराइज रुग्णालयात एका रात्रीत सुमारे दोनशे जखमी आले होते. तिथे हेच करावं लागलं. रॉबी लेआसाठी त्या मर्यादेपलीकडे गेला. तिच्यासाठी वापरलेली रक्ताची प्रत्येक पिशवी दुसऱ्या कुणाची होती.

डॉ. अ‍ॅबट स्वतःचं रक्त देत देत काम करतो, तेही अनेकांना अशक्य वाटलं. युद्धभूमीवर ताजं रक्त ऐनवेळी देण्याची पद्धत खरी आहे आणि अ‍ॅबट सैन्यातून आलेला आहे. नागरी रुग्णालयात मात्र तपासणी न झालेलं रक्त असं देणं नेहमीच्या नियमांत बसत नाही.

गैरसमज ५: सँटोसने सहकाऱ्याचा घात केला, लँगडन स्वतःच औषध सोडणार होता

लँगडनला औषधांचं व्यसन आहे हे सँटोस रॉबीला सांगते.

वस्तुस्थिती: लँगडन ज्या गटातली औषधं घेत होता, त्यांची सवय जडल्यावर ती एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. मात्रा हळूहळू आणि देखरेखीखालीच कमी करावी लागते. इच्छाशक्तीवर हे सोपवता येत नाही, डॉक्टर असला तरीही. नशेच्या अमलाखालच्या सहकाऱ्याबद्दल योग्य ठिकाणी सांगणं हे अमेरिकी वैद्यक संघटनेच्या आचारसंहितेनुसार कर्तव्य आहे. त्यामुळे चहाडीचा आरोप टिकत नाही.

आणि सांगितल्याने आयुष्य संपत नाही. तिथल्या राज्यांत व्यसनी डॉक्टरांसाठी उपचार आणि वर्षानुवर्षं तपासणीचे कार्यक्रम आहेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ९०४ डॉक्टरांच्या अभ्यासात पाच वर्षांनी सुमारे तीन चतुर्थांश जण परवान्यासह काम करत होते. सँटोसने तोंड उघडलं म्हणून लँगडनला वाट मिळाली.

गैरसमज ६: छतावर उभ्या माणसाला थेट विचारू नये

हंगामाच्या शेवटी रॉबी छतावर आहे आणि अ‍ॅबट त्याच्याकडे जातो. रॉबी जीव देणार होता का, यावर प्रेक्षकांचं एकमत नाही. मालिकेने ते मुद्दाम मोकळं ठेवलं आहे. पण 'असा विषय काढला तर डोक्यात नसलेला विचार येतो' ही समजूत चुकीची आहे.

वस्तुस्थिती: जीव द्यावासा वाटतो का, हे आपुलकीने आणि थेट विचारल्याने धोका वाढत नाही, असं संशोधन सांगतं. विचारल्याने बरेचदा माणूस पहिल्यांदा बोलतो. न्यूयॉर्कच्या इमर्जन्सी डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, आपलं जीवन संपवलं. त्यांच्या नावाने २०२२ साली अमेरिकेत आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. भारतात टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो रुग्णांसाठी आहे, तसाच डॉक्टरांसाठीही.

रॉबीला माफ करावं का, लँगडनवर पुन्हा विश्वास ठेवावा का, हे प्रश्न ज्याच्या त्याच्या मनाचे आहेत आणि त्यांवर रात्रभर भांडता येईल. गोवराची लस, पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि संकटातल्या माणसाला विचारलेला थेट प्रश्न यांची उत्तरं मात्र ठरलेली आहेत. ती ठाऊक असणारा प्रेक्षक मालिकेवर जास्त चांगला वाद घालेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, खऱ्या रुग्णालयात डॉक्टर संमतीचा कागद पुढे करतील तेव्हा त्याच्या हातून वेळ जाणार नाही.