पडद्यापलीकडचा विद्यार्थी : ऑनलाइन इंग्रजी वर्ग आणि शिकण्याची प्रेरणा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि आमचे वसतिगृह रिकामे झाले. पहाटेच्या त्रिसरण-पंचशीलाचा सामूहिक स्वर थांबला. विद्यार्थी आपापल्या गावी, वाडी-वस्तीवर विखुरले आणि काही दिवसांनी मोबाइलच्या पडद्यावर वर्ग भरू लागले. सर्व विषयांत इंग्रजीचा वर्ग आम्हांस सर्वाधिक अवघड गेला. सुट्टीच्या काळात असे वर्ग आम्ही आजही घेतो; म्हणून त्या अनुभवातून काय शिकलो, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे मांडत आहोत.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविली जाते. तथापि आमच्या बहुसंख्य मुलांच्या घरी ती कानावर पडत नाही. गणिताचे उदाहरण एकट्याने, मूकपणे सोडविता येते. भाषा मात्र बोलल्याशिवाय येत नाही. वसतिगृहात जेवणाच्या रांगेत, मैदानावर मुले मोडकी-तोडकी इंग्रजी बोलत, हसत आणि शिकत. पडद्यावर मात्र एकाने बोलायचे व इतर सर्वांनी ऐकायचे. चुकण्याची भीती तेथे कितीतरी पटीने वाढते.

आमच्या हातून प्रारंभीच एक चूक घडली. बंद कॅमेरा म्हणजे अनास्था, असे आम्ही समजलो. कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती केली, तेव्हा उपस्थिती आणखी घटली. नववीतील एक मुलगी परतल्यावर म्हणाली, “सर, आमचं घर एकाच खोलीचं. बाबा रात्रपाळी करून झोपलेले असायचे. मी बोलणार कशी?” तिच्या मौनाला आम्ही आळस म्हटले होते. काहींच्या घरी एकच फोन होता आणि तो वडिलांसोबत कामावर जाई. काही मुले वर्गातून दिसेनाशी झाली ती ऊसतोडीला गेली म्हणून. त्यांपैकी सर्वच परत आली नाहीत. ही खंत आजही आमच्या मनात आहे.

पुढे आम्ही या प्रश्नाचा विचार धम्माच्या परिभाषेत केला. भगवान बुद्धांनी चार इद्धिपाद सांगितले आहेत : छंद, विरिय, चित्त आणि वीमंसा. त्यांचा मूळ संदर्भ साधनेचा आहे. परंतु शिकणे हीदेखील एक साधनाच होय.

छंद म्हणजे करावेसे वाटणे. ‘परीक्षेत येईल’ या कारणाने ते वाटत नाही. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ हा १९५७ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ बाबासाहेबांनी मूळ इंग्रजीत लिहिला, हे अनेक मुलांना ठाऊक नव्हते. त्यातील एखादा सोपा परिच्छेद वाचून त्याचा अर्थ घरी आजीला मराठीत सांगायचा, असा स्वाध्याय आम्ही दिला. इंग्रजी कशासाठी, याचे उत्तर मुलांना घरातच मिळाले.

विरिय म्हणजे प्रयत्न. पण तो बेताचा हवा. अतिश्रमाने खचलेल्या सोण भिक्खूला भगवंतांनी वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला होता. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. आम्ही थेट वर्गाचा वेळ निम्म्यावर आणला आणि उरलेला अभ्यास व्हॉट्सअॅपवरील आवाजी संदेशांवर सोपविला. दिवसाला तीन वाक्ये, सवडीने, अंगणात वा शेताच्या बांधावर बसून. चूक वाटली तर संदेश पुन्हा ध्वनिमुद्रित करता येई. व्हिडिओपेक्षा डेटाही पुष्कळ कमी लागे. वर्गात अबोल असणारी मुले येथे बोलू लागली.

चित्त एकाग्र व्हावयाचे, तर मन निर्भय हवे. ‘माय फादर गो टू फील्ड’ असे कोणी म्हणाले, की आम्ही प्रथम शेतात काय पेरले ते विचारतो. क्रियापदाची दुरुस्ती नंतर, त्या विद्यार्थ्यापुरती करतो. चारचौघांत टोकलेले मूल पुढच्या वेळी आवाज बंद ठेवते.

वीमंसा म्हणजे परीक्षण. केवळ हजेरी न मोजता, ‘या आठवड्यात तू कोणाशी, काय बोललास?’ हे आम्ही दर शनिवारी विचारू लागलो. आपली प्रगती स्वतःच्या कानांनी ऐकता यावी म्हणून पहिला संदेश जपून ठेवण्यास सांगितले.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या मुळाशी तीन गरजा मानल्या आहेत : स्वतः निवड करता येणे, आपल्याला जमते असे वाटणे आणि आपुलकीचे नाते. यांतील तिसरी गरज पडद्यावर सर्वांत दुर्लक्षित राहते. धम्मात तिला कल्याणमित्रतेचे स्थान आहे. म्हणून आम्ही मुलांच्या जोड्या लावल्या. जोडीदार वर्गात दिसला नाही, तर त्याची चौकशी दुसऱ्याने करायची. एखादे मूल वर्गातून निसटत असल्याचे आम्हांस बहुधा त्याच्या जोडीदाराकडूनच प्रथम कळते.

पालकांनी इंग्रजी येत नाही म्हणून संकोचू नये. संध्याकाळी अर्धा तास फोन आणि शांत कोपरा द्यावा, मुलाने वाचलेले ऐकावे. माजी विद्यार्थ्यांकडे आमचे मागणे आहे ते वेळेचे. आठवड्यातून एकदा एका मुलाला फोन करा आणि दहा मिनिटे इंग्रजीत बोला. तुम्हीही याच वसतिगृहात अडखळत बोलू लागला होता. ते अडखळणे त्याला अवश्य सांगा.