माहितीपत्रकावाचून जुने जेट-मॉडेल

ज्या जुन्या रेडिओ-नियंत्रित जेटच्या खोक्यात बाल्साच्या फळ्या, प्लायवूडच्या चौकटी आणि तारा शाबूत असून जोडणीचे माहितीपत्रक तेवढे गहाळ झालेले असते, ते हाती आल्यावर चामोर्शीच्या हौशी कारागिराने गोंदाची बाटली उघडण्यापूर्वी प्रत्येक जिनसाची फर्द तयार करावी, असे मी आग्रहाने सांगेन. चौकटी आकारानुक्रमे मांडून त्यांच्या खाचांत लांब पट्ट्या कोरड्याच बसवून पाहिल्या, की धडाचा घाट प्रकट होऊ लागतो. मग तो मोठ्या कागदावर उतरवून आपलाच नकाशा सिद्ध करावा. हा शोधानंद तयार नकाशावरून जोडणाऱ्यास क्वचितच लाभतो.

खरी कसोटी गुरुत्वमध्याची. पंखाच्या मुळाच्या व टोकाच्या रुंदीवरून सरासरी जीवा काढून, पंखाचा मागे झुकाव हिशेबात धरून, पहिल्या उड्डाणापुरता तोल त्या जीवेच्या अग्रापासून 25 टक्क्यांच्या आसपास राखावा. तो फार मागे सरकल्यास विमान अनावर होते. मूळ इंधन-इंजिनाऐवजी विजेवरचा बंदिस्त पंखा बसविल्यास बॅटरीची जागाही याच न्यायाने ठरवावी. वैनगंगाकाठच्या पावसाळी दमट हवेत बाल्सा वाकतो, म्हणून पंखाची जोडणी सपाट पाटावर, वजनाखाली, शक्यतो हिवाळ्यातच करावी.

2021 च्या ड्रोन नियमांनी 25 किलोपर्यंतच्या, शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी दृष्टिपथातच उडविल्या जाणाऱ्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्राची अट ठेवलेली नाही. तथापि डिजिटल स्कायच्या नकाशावर आपले क्षेत्र तपासून, आणि आपल्या जिल्ह्यात तर पोलीस ठाण्यास आगाऊ इत्तला देऊनच, मैदान गाठावे.