पोते म्हणजे किती?

जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील शिलालेखांत कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या संघटनांची नावे आढळतात. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या या ‘श्रेणी’. एका लेखात शक दात्याने २० आणि ९ निवर्तने जमीन धर्मकार्यासाठी लावून दिली आहे, व तेथेही श्रेणीचे नाव येते. दाता गेला तरी व्यवहार चालावा, एवढा भरवसा त्या शब्दांवर होता. कारण ते सर्वांच्या ओळखीचे होते. आज लेख वाचता येतो, पण निवर्तन म्हणजे नेमकी किती जमीन, याविषयी पंडितांत एकमत नाही. शब्द उरला, हिशेब गेला.

आता बाजारात येऊ. ओतूर, नारायणगाव, मंचरला माल नेणाऱ्या शेतकऱ्यांना वडिलांकडून ऐकलेली गोष्ट ठाऊक असेल. पूर्वी आपल्याकडील अनेक बाजारांत भाव रुमालाखाली ठरत. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटे दाबून आकडा सांगत. तीही भाषाच, आणि मोठी हिशेबी भाषा! मात्र ती दोघांपुरती. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. भाव कमी का, हे विचारायलाही आधी काय काय बोली झाली ते कळावे लागते. १९६३ च्या बाजार कायद्याखाली उघड लिलावाची पद्धत रुजली. उघड बोलीने भाव आपोआप चढत नाही, हे मान्य. पण शेजारच्या ढिगाला काय मिळाले ते कानी पडते, मनाशी ताळा घालता येतो, आणि परवडत नसेल तर माल परत नेण्याचा निर्णय शेतकरी स्वतः घेतो.

मी हमालांत काम करतो. तेथे अडचण ‘मालक’ या शब्दाची होती. व्यापारी म्हणे, हा शेतकऱ्याचा माणूस. शेतकरी म्हणे, व्यापाऱ्याचा. ज्याला मालकच नाही, त्याने रजा कोणाकडे मागावी? १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे आली, कामगार आणि मालक दोघांचीही नोंद होऊ लागली, तेव्हा भविष्यनिर्वाह निधीची गोष्ट बोलता येऊ लागली.

तरी दर ठरविताना आमचा पहिला प्रश्न पैशांचा नसतो. पोते म्हणजे किती किलो, हा असतो. ५० किलोचे आणि १०० किलोचे, दोन्ही पोतीच. दिवसाला ४० पोती वाहणाऱ्याने दोन टन वाहिले की चार, हे त्याच्या पाठीला कळते. वहीत मात्र दोन्ही दिवशी ‘४० पोती’ एवढेच. म्हणून करारात पोत्यापुढे किलोचा आकडा लिहून घेतो, आणि मगच रुपयांकडे वळतो.