बाजारपेठ कर भरते, पण कोणता?

कोल्हापुरी चपला, सावंतवाडीची लाकडी खेळणी किंवा पैठणीच्या काठांपासून शिवलेल्या पर्स यांचा ग्राहक आज बर्लिनमध्ये किंवा मेलबर्नमध्येही असतो. अ‍ॅमेझॉन, एट्सी, ईबे अशा ऑनलाइन बाजारपेठांनी घरातल्या एका खोलीतून चालणाऱ्या उद्योगालाही निर्यातीचे दार उघडून दिले आहे. पूर्वी निर्यातदार म्हटला की त्याच्यामागे गोदाम, कस्टम्स एजंट आणि बँकेचे पतपत्र असा सरंजाम असे. तो आता लागत नाही. मात्र सरंजाम गेला म्हणून निर्यातदाराच्या कायदेशीर जबाबदाऱ्या गेलेल्या नाहीत. ‘कर बाजारपेठच कापून घेते, आपल्याला नोंदणीची गरज नाही’, हा समज लहान विक्रेत्यांत सर्रास आढळतो. तो पूर्णपणे खोटा नाही, हीच खरी अडचण आहे.

बाजारपेठ जो कर गोळा करते, तो ग्राहकाच्या देशाचा, ग्राहकाने द्यावयाचा आणि ठरावीक प्रकारच्या विक्रीवरचा कर असतो. विक्रेत्याची भारतातील नोंदणी किंवा परदेशात माल साठवल्यामुळे तेथे करावी लागणारी नोंदणी यांची जबाबदारी ती घेत नाही.

आधी भारतातील नोंदणी पाहू. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्या व्यावसायिकाला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ही मुभा मुख्यतः राज्यांतर्गत विक्रीसाठी आहे, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही. एकात्मिक जीएसटी कायद्यानुसार निर्यात हा आंतरराज्य व्यवहार मानला जातो आणि आंतरराज्य वस्तुविक्री करणाऱ्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी सक्तीची आहे. म्हणजे ४० लाखांची वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. पहिले पार्सल रवाना होण्यापूर्वी नोंदणी हवी. सेवा पुरवणाऱ्यांना २० लाखांपर्यंत सवलत आहे, तसेच अधिसूचनेतील यादीत असलेल्या हस्तकलेच्या वस्तूंच्या आंतरराज्य विक्रीलाही अटींसह सूट आहे. परंतु नोंदणी नसलेल्याला कच्च्या मालावर भरलेल्या कराचा परतावा मागता येत नाही. त्यामुळे सूट मिळाली तरी ती घेणे फायद्याचे ठरेलच असे नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना नोंदणीतून सवलत मिळाली. ती बातमी अनेकांनी अर्धवट वाचली. ही सवलत आपल्याच राज्यातील ग्राहकांना माल विकणाऱ्यांपुरती आहे. पुण्याच्या विक्रेत्याने नाशिकला पार्सल पाठवले तर ती लागू होते, न्यूयॉर्कला पाठवले तर नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यांची गत याहून अवघड आहे. त्या योजनेत आंतरराज्य वस्तुविक्रीच करता येत नाही, त्यामुळे निर्यातही नाही. एक हौशी मागणी पुरी करायला गेलेला व्यापारी योजनेलाच अपात्र ठरू शकतो.

नोंदणी झाली तरी काम संपत नाही. निर्यात शून्य दराची असली तरी कर न भरता माल पाठवायचा तर ‘लेटर ऑफ अंडरटेकिंग’ म्हणजे एलयूटी हे हमीपत्र जीएसटी पोर्टलवर आधी सादर करावे लागते. ते फुकट मिळते आणि काही मिनिटांत होते. पण त्याची मुदत आर्थिक वर्षापुरतीच असते. ३१ मार्चला ते संपते आणि एप्रिलमध्ये पार्सले मात्र नेहमीप्रमाणे जात राहतात. उशिरा दिलेले हमीपत्र मान्य करता येते आणि निर्यात प्रत्यक्ष झाली असेल तर शून्य दराचा लाभ नाकारू नये, असे खुद्द केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचे परिपत्रक सांगते. हा दिलासा खरा आहे. परंतु तो नोटिशीला उत्तर देताना उपयोगी पडतो, नोटीस टाळण्यासाठी नव्हे.

निर्यात झाली हे सिद्ध करण्याची बाबही दिसते तितकी सरळ नाही. कुरिअरने जाणाऱ्या मालासाठी दोन प्रकारची शिपिंग बिले असतात. सीएसबी-४ हे नमुने व भेटवस्तूंसाठी, तर सीएसबी-५ हे व्यापारी मालासाठी असते. दुसऱ्यासाठी आयात-निर्यात कोड आणि जीएसटी क्रमांक लागतो, म्हणून घाईत ‘गिफ्ट’ असे लिहून पार्सल पहिल्या प्रकारात रवाना केले जाते. माल पोहोचतो, पैसेही येतात. पण विवरणपत्रात निर्यातीसमोर दाखवायला योग्य शिपिंग बिल नसते आणि परताव्याचा दावा तेथेच अडतो. आयात-निर्यात कोड पॅनवर आधारित असून त्याचे शुल्क अवघे ५०० रुपये आहे. काही बदल नसला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्याची माहिती पोर्टलवर कायम करावी लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो.

आणखी एक खाचखळगा तर चटकन ध्यानातच येत नाही. परदेशी बाजारपेठ जाहिरात किंवा मासिक वर्गणीचे बिल परदेशी कंपनीच्या नावाने देत असेल, तर नोंदणी नसलेल्या विक्रेत्याच्या बिलात ती १८ टक्के जीएसटी लावते. विक्रेत्याने खात्यात जीएसटी क्रमांक भरला की हा कर बिलातून नाहीसा होतो. अनेकांना ती बचत वाटते. प्रत्यक्षात कर माफ झालेला नसतो. तो भरण्याची जबाबदारी ‘रिव्हर्स चार्ज’ पद्धतीने विक्रेत्यावर आलेली असते. तो रोखीने भरावा लागतो, मग त्याचे क्रेडिट घेता येते. दोन-तीन वर्षे तो भरलाच नाही तर मूळ रकमेवर व्याज चढत जाते.

परदेशातील बाजू देशागणिक बदलते. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंपर्यंतच्या आयातीला असलेली व्हॅटमाफी रद्द केली. त्यानंतर १५० युरोंपर्यंतच्या पार्सलवरील व्हॅट बाजारपेठ गोळा करते आणि आपला आयओएसएस क्रमांक विक्रेत्याला कळवते. हा क्रमांक कुरिअर किंवा टपाल खात्याच्या विद्युत माहितीत नोंदवलेला नसेल, तर सीमेवर व्हॅट पुन्हा आकारला जातो. दोनदा कर भरणारा ग्राहक पार्सल नाकारतो आणि प्रतिकूल शेरा लिहितो तो विक्रेत्याच्या नावाने. स्वतःच्या संकेतस्थळावरून आलेल्या मागणीसाठी बाजारपेठेचा क्रमांक वापरणे हा तर सरळसरळ गैरवापर होय. तेथे स्वतंत्र आयओएसएस नोंदणी हवी आणि भारतीय विक्रेत्याला ती युरोपीय संघातील मध्यस्थामार्फतच घ्यावी लागते.

ब्रिटनमध्ये ही मर्यादा १३५ पौंडांची आहे. तेथील व्यावसायिकांना ९० हजार पौंडांच्या उलाढालीपर्यंत व्हॅट नोंदणी लागत नाही. परंतु ही सूट तेथे स्थापन झालेल्या उद्योगांनाच आहे. स्वतःच्या संकेतस्थळावरून ब्रिटिश ग्राहकाला १३५ पौंडांच्या आतील माल पाठवणाऱ्या भारतीय विक्रेत्याला पहिल्या पौंडापासून नोंदणी करावी लागते. अमेरिकेत व्हॅट नाही, राज्यांचा विक्रीकर आहे आणि तो बाजारपेठाच गोळा करतात. तेथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्क माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, हा मात्र वेगळा विषय.

या सर्वांत महागात पडतो तो परदेशी गोदामाचा पर्याय. बाजारपेठेच्या गोदामात शंभर नग आधीच पाठवून ठेवावेत, म्हणजे ग्राहकाला दोन दिवसांत माल मिळतो आणि विक्री वाढते, हा सल्ला व्यापाराच्या दृष्टीने योग्यच आहे. पण जर्मनीत साठा ठेवला की सर्वसाधारणपणे जर्मन व्हॅट नोंदणी आली. बाजारपेठेने सोयीसाठी त्यातला काही साठा पोलंडच्या गोदामात हलवला तर पोलंडचीही नोंदणी आली. हे हलवणे अनेकदा खाते उघडताना दिलेल्या एका संमतीच्या खुणेने होते आणि विक्रेत्याला त्याचा पत्ताही नसतो. ग्राहकाकडून व्हॅट बाजारपेठ घेते हे खरे असले तरी माल उतरवताना भरलेला आयात व्हॅट परत मिळवायचा, तर विक्रेत्याची स्वतःची नोंदणी लागते. ती नसेल तर तो व्हॅट खर्चात जातो आणि नफ्याचा बराचसा भाग त्यातच संपतो. अमेरिकेतही एखाद्या राज्यात साठा ठेवला की त्या राज्याशी विक्रेत्याचा करविषयक संबंध जडतो.

इकडे भारतातही अशा साठ्याचे नियम निराळे आहेत. जुलै २०१९ च्या परिपत्रकानुसार विक्री न होता, निर्यातवाढीसाठी कन्साइनमेंटवर बाहेर पाठवलेला माल हा पुरवठा ठरत नाही. तो डिलिव्हरी चलनावर जातो आणि त्यासाठी एलयूटी लागत नाही. बीजक विक्री होईल तेव्हा करायचे. सहा महिन्यांत न विकलेला आणि परतही न आणलेला माल विकला गेला असेच मानले जाते. दिवाळीसाठी पाठवलेल्या आकाशकंदिलांचा उरलेला साठा पुढच्या दिवाळीपर्यंत गोदामात पडून राहिला तर हा नियम केव्हाच लागू झालेला असतो.

शेवटी उरतो आकड्यांचा मेळ. शिपिंग बिलात १० हजार रुपये आणि बँकेत कमिशन वजा जाता ८ हजार २००, असे चित्र जवळपास प्रत्येक व्यवहारात दिसते. विवरणपत्रात पूर्ण विक्रीमूल्यच दाखवायचे असते, हाती आलेली रक्कम नव्हे. बँकेकडील निर्यातनोंदीत मात्र ही तफावत थकबाकी म्हणून दिसत राहते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये १० लाख रुपयांपर्यंतच्या बिलांची नोंद निर्यातदाराच्या घोषणापत्रावर मिटवण्याची मुभा बँकांना दिली आहे. ते घोषणापत्र बँकेत जाऊन विक्रेत्यालाच द्यावे लागते.