इंजिन तापतंय? आधी पाण्याची धार बघा

परवा हर्णै बंदरात एका ट्रॉलरचं इनबोर्ड इंजिन सारखं तापत होतं. तांडेल थर्मोस्टॅट बदलायला निघालेले.

म्हटलं, तांडेल, बाहेर पडणारी धार बघा आधी. बारीक होती. म्हणजे दोष खाऱ्या पाण्याच्या वाटेवर: तळाचा वॉल्व्ह, गाळणी नाहीतर पंप.

गाळणीत प्लास्टिकची पिशवी (दुसरं काय निघणार!). ती काढूनही धार वाढेना. पंप उघडला, तर रबरी इम्पेलरच्या पात्या तुटलेल्या.

नुसता नवा इम्पेलर टाकून भागत नाही. तुटके तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकतात, तेही शोधून काढा.

धार जोरात असेल, तर मात्र कूलंट, बेल्ट, थर्मोस्टॅट तपासा. गरम इंजिनाच्या कूलंटचं झाकण उघडू नका, भाजेल.

काही अडलं तर विचारा, धारेचा व्हिडिओ टाकलात तर उत्तम.